उणे वीसचा मोह

वाचकाचं पत्र: मी नाशिकची, वय ४१, उंची पाच फूट दोन इंच. घरात सगळ्यांच्या आधी कपाटातून स्वेटर काढणारी मीच. सहा वर्षं सह्याद्रीत भटकते आहे. हिमालयात दोनदा गेले, पण ट्रेकिंग कंपनीबरोबर, त्यामुळे स्लीपिंग बॅग त्यांचीच असायची. आता आम्ही चार मैत्रिणी स्थानिक गाइड ठरवून, आपापलं सामान घेऊन जाणार आहोत. डिसेंबरअखेर उत्तराखंडात केदारकंठा, पुढच्या जूनमध्ये हिमाचलात हंप्टा पास. त्यासाठी डाऊनची, म्हणजे पक्ष्यांच्या मऊ लवेची बॅग घ्यायची आहे. नवरा म्हणतो, घ्यायचीच तर उणे वीस अंशांची घे, बाराही महिने चालेल, आणि सह्याद्रीत वापरतेस ती जुनी बॅग विकून टाक. दुकानदार ९०० फिल पॉवरच्या मागे लागलाय. बजेट १८ हजार. बारा महिने चालेल अशी एकच बॅग असते का? आणि सासूबाई विचारतात, अंथरुणात पिसं कशाला? त्यांना काय सांगू?

उत्तर:

जुनी बॅग विकू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी, नाहीतर उत्तर वाचेपर्यंत ती कुणाच्या तरी पाठीवर बसून गेलेली असायची.

बारा महिन्यांची एकच बॅग नसते. घरी तरी बारा महिने एकच पांघरूण कुठे वापरता? मे महिन्यात सोलापुरी चादरसुद्धा पायाशी जाते, पावसाळ्यात गोधडी निघते आणि निफाडचा पारा पेपरात झळकला की गोधडीवर रग चढतो. डोंगरातही हेच करायचं. फरक इतकाच, की तिथे रग आपल्याच पाठीवरून न्यायचा असतो.

माझी पहिली डाऊन बॅग मी दोन वर्षं पैसे साठवून घेतली आणि उत्साहाच्या भरात सप्टेंबरात थेट हरिश्चंद्रगडावर नेली. पाऊस ओसरला होता, पण गुहेच्या भिंती पाझरत होत्या आणि धुकं आत येऊन जाऊन होतं. पहाटे पाय गार पडले म्हणून जाग आली. बॅगेच्या पायाकडचा भाग चाचपला तर आतलं सगळं भरण कप्प्याच्या एका कोपऱ्यात सुपारीएवढ्या गोळ्या होऊन बसलेलं. उरलेल्या जागेत कापडाला कापड चिकटलेलं. वास विचाराल तर भिजलेल्या कोंबड्यांच्या खुराड्याचा. शेजारी मित्र त्याच्या स्वस्तातल्या सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम धाग्यांचं भरण असलेल्या बॅगेत घोरत होता. त्याचीही बॅग ओली होती, पण ऊब देत होती.

असं का होतं हे समजलं की निम्मी खरेदी झाली. डाऊन म्हणजे पीस नव्हे. पिसाला मधे काडी असते. डाऊन ही बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवर, बाहेरच्या पिसांच्या खाली असणारी बिनकाडीची लव. रुईच्या बोंडातून उडणारी म्हातारी आठवा, साधारण तशी दिसते. ती स्वतः गरम नसते. तिच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि ती अडकलेली हवा तुमच्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून जे काही या लवेला फुगू देत नाही, ते तुमची झोप उडवणार. पाणी, घाम, वर्षानुवर्षं दाबून ठेवणं, तुमच्याच पाठीचं वजन, सगळं त्यात आलं. १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच फुग्याच्या कापडात डाऊन भरून शिवलेला कोट घालून गेला, तेव्हा ट्वीडच्या कोटातले सहकारी त्याची थट्टा करत होते. वर वारा लागल्यावर त्याच कोटाचा त्यांना हेवा वाटू लागला. डाऊनच्या तोडीची हलकी ऊब देणारं काही अजून बाजारात आलेलं नाही. फक्त तिला कोरडं ठेवणं हे आपलं काम.

आता यजमानांच्या उणे वीसबद्दल. बॅगेवर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा आणि आत शिवलेल्या चिठ्ठीवरचा आकडा हे बरेचदा एकमेकांना ओळखतही नाहीत. चिठ्ठीच वाचायची. आधी युरोपातलं ईएन १३५३७ हे मानक होतं, २०१६ पासून आयएसओ २३५३७ आलं. त्यात हीटर बसवलेला एक पुतळा थर्मल घालून, मॅटवर, बॅगेत झोपवतात आणि तीन आकडे काढतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे सर्वसाधारण बाई सैल, आरामात झोपू शकेल ते तापमान. ‘लिमिट’ म्हणजे सर्वसाधारण पुरुष पाय पोटाशी घेऊन कसाबसा झोपू शकेल ते. आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे ती बाई सहा तास जिवंत राहील ते. झोपेल असं कुणी म्हटलेलं नाही. हिमदंश होणार नाही अशीही हमी नाही.

तुम्हाला दाखवलेली उणे वीस ही बहुधा ही तिसरी पाटी आहे. एक्स्ट्रीम उणे वीसच्या आसपास असलेल्या बॅगेचा कम्फर्ट शून्याच्या अल्याडपल्याड निघतो. म्हणजे नवऱ्याच्या मते जी हिमालयात झोपवणार, ती केदारकंठ्यावर तुम्हाला रात्रभर जागं ठेवेल. आणि मानकातली ती ‘सर्वसाधारण बाई’ २५ वर्षांची, साठ किलोची आहे. घरात सगळ्यांच्या आधी स्वेटर काढणारी नाही. तुम्ही फक्त कम्फर्ट बघा आणि त्यातही तीन-चार अंश हातचे राखा. चिठ्ठीच नसेल आणि नुसतं ‘उणे वीसपर्यंत’ असं छापलेलं असेल, तर बॅग परत घडी घालून द्या.

बरं, खरोखर कम्फर्ट उणे वीसची मिळाली तर? ती तुमच्या बजेटात बसणार नाही, वजनाला दीड-दोन किलो भरेल, आणि जूनमध्ये हंप्ट्यावर तुम्ही तीत घामाघूम व्हाल. तो घाम लवेत उतरेल आणि पहाटे तीनला थंडी वाजू लागेल. गरजेपेक्षा गरम बॅगेत माणूस गारठतो ते असा.

दुकानदाराचं ९०० खोटं नाही, पण अर्धंच आहे. फिल पॉवर म्हणजे एक औंस, साधारण २८ ग्रॅम, डाऊन किती घनइंच जागा व्यापून फुगते तो आकडा. ती लवेची जात सांगते. बॅगेत लव किती भरली आहे ते सांगत नाही. इंद्रायणी तांदूळ उत्तमच, पण पातेल्यात मूठभर असेल तर चौघींचं पोट भरत नाही. हिशेब करून बघा. ९०० पॉवरची ३०० ग्रॅम लव फुगून सुमारे १५६ लिटर जागा धरते. ७०० पॉवरची ६०० ग्रॅम लव धरते सुमारे २४३ लिटर. दुसरी बॅग अर्थातच जड, पण ऊब तिच्यात जास्त, आणि किंमत बहुतेक वेळा कमी. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारायचा: ‘आत भरण किती ग्रॅम आहे?’ बॅगेचं एकूण वजन सांगायला लागला तर थांबवा. कापड आणि चेन ऊब देत नाहीत. भरणाच्या चिठ्ठीवर ९०/१० लिहिलेलं असतं, म्हणजे नव्वद टक्के लव आणि दहा टक्के बारीक पिसं. ८०/२० चालेल. नुसतं ‘डक फेदर’ लिहिलं असेल तर ती उशी समजा.

शिवणीकडेही बघा. स्वस्त बॅगेत वरचं आणि खालचं कापड आरपार शिवून कप्पे पाडतात, अगदी आपल्या गोधडीसारखे. गोधडीत चालतं, कारण तिथे सुती थर सगळीकडे सारखा असतो. इथे प्रत्येक टाक्याच्या रेघेवर लव शून्य, म्हणून रेघेरेघेने थंडी आत. शून्याच्या खाली न्यायची बॅग हवी असेल तर दोन कापडांच्या मधे जाळीच्या उभ्या भिंती घालून केलेले कप्पे हवेत. दुकानातल्या दिव्यासमोर बॅग उभी धरली की कुठे लव आहे आणि कुठे नुसता उजेड, ते दिसतं.

मग तुमच्यासाठी कोणती? कम्फर्ट उणे पाचच्या आसपासची, ६५० ते ७५० पॉवरची, एकूण वजन सव्वा किलोपर्यंत. डोक्याला टोपीसारखी आवळता येणारी, गळ्याशी आतून पट्टा असलेली, चेनच्या मागे लवेची लांब वळी असलेली. तुमच्या उंचीला आखूड मापाचीच मागा. लांब बॅगेत पायाशी रिकामी जागा उरते आणि ती जागा तुमच्याच अंगाने गरम करत बसावी लागते. मात्र खांद्याशी आवळ घेऊ नका. आत शिरून, चेन लावून, कुशीवर वळून बघा. लाजायचं नाही, दुकानात फरशीवर झोपायचं. मी तर डोळे मिटून पाच मिनिटं पडून राहतो. एकदा एका सेल्समनने हळूच येऊन विचारलं होतं, ‘काका, बरं वाटतंय ना?’

अठरापैकी चार-पाच हजार मात्र बॅगेत घालू नका. ते मॅटसाठी ठेवा. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते इथेच, कारण लोक बॅगेवर पंधरा हजार घालतात आणि खाली योगा मॅट अंथरतात. तुम्ही बॅगेत झोपलात की पाठीखालची लव दबून कागदाएवढी होते. तिथे हवाच उरत नाही, त्यामुळे पाठीच्या बाजूने बॅग असून नसल्यासारखी. बर्फावर लावलेल्या तंबूत खालची जमीन रात्रभर तुमची ऊब पीत असते. तिला अडवते ती मॅट. मॅटवर आर-व्हॅल्यू, म्हणजे ऊब खाली जाऊ न देण्याची तिची ताकद, आकड्यात लिहिलेली असते. साध्या फोमच्या कॅरीमॅटची दोनच्या आसपास, बर्फासाठी चार-पाच तरी हवी. गंमत म्हणजे या आकड्यांची बेरीज होते. खाली तुमची जुनी फोमची मॅट, वर हवेची तीनची, झाले पाच. हवेची मॅट मध्यरात्री फुटली, आणि ती फुटते, तरी फोम खाली असतोच. बॅगेवरचा कम्फर्टचा आकडासुद्धा चांगली मॅट खाली आहे असं धरूनच काढलेला असतो, हे दुकानात कुणी सांगत नाही.

आता एकेक ट्रेक घेऊ. सह्याद्रीत डाऊन नेऊच नका. डिसेंबर-जानेवारीत गडावर पहाटे पारा सात-आठ अंशांवर येतो, एखाद्या रात्री आणखी खाली. तिथे तुमची सहा वर्षांची जुनी सिंथेटिक बॅग आणि एक कानटोपी पुरते. फेब्रुवारी उलटला की तीसुद्धा उघडूनच पांघराल. पावसाळ्यात तर डाऊनचं नावच नको, माझं खुराडं वर वाचलंतच.

हंप्ट्याला जूनमध्ये रात्री पारा शून्य ते पाचच्या आसपास धरा. उणे पाचची बॅग तिथे थोडी गरमच होईल, पण चेन उघडी ठेवून पांघरता येते, आणि वर शिया गोरूच्या कॅम्पवर वारा सुटला की बंद करता येते. हंप्ट्याची मजा अशी की कुलूच्या बाजूने चढताना सगळं हिरवं आणि ओलसर असतं, आणि खिंड ओलांडून लाहौलच्या बाजूला उतरलात की कोरडा खडक. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस बॅग जपायची आणि पलीकडे गेल्यावर उन्हात टाकायची. जुलै-ऑगस्टवर गेलात तर अलीकडच्या बाजूला धो-धो पाऊस असू शकतो. तेव्हा मी सिंथेटिकच नेईन.

केदारकंठा वेगळा. शिखर ३,८१० मीटरवर, शेवटचा कॅम्प त्याच्याखाली चारेकशे मीटर, आणि डिसेंबरअखेर तिथे पहाटे उणे आठ-दहा धरून चालायचं. उणे पाचची बॅग एकटी पुरणार नाही. म्हणूनच जुनी विकू नका म्हटलं. डाऊनची बॅग आत, जुनी सिंथेटिक तिच्यावर, अशा दोन चढवायच्या. जुनी ऐसपैस आहे ना, ते आधी घरी करून बघा. ती आवळ असेल तर आतली लव दबेल आणि सगळा खटाटोप वाया. तशी असेल तर तिची चेन पूर्ण उघडून रजईसारखी वरून टाका. दोन बॅगांचं वजन अडीच किलोच्या घरात जाईल, हे खरं. पण पायथ्याच्या सांकरी गावाहून वर सामानाला खेचर मिळतं, आणि हा ट्रेक वर्षातून एकदाच आहे.

सिंथेटिक वर आणि डाऊन आत, हा क्रम उलटा करू नका. रात्रभर अंगातून वाफ बाहेर पडत असते. ती थरांतून बाहेर जाता जाता जिथे पुरेसं गार लागतं तिथे पाण्यात बदलते. दोन बॅगा असल्या की ती जागा वरच्या बॅगेत जाते. सिंथेटिकला ओलीचं फारसं वावडं नसतं, आणि आतली लव कोरडी राहते.

डाऊन ओली होते ती पावसाने कमी, आपल्याच हाताने जास्त. थंडी वाजते म्हणून लोक तोंड आत घेऊन झोपतात. रात्रभराच्या श्वासाचं पाणी गळ्याशी साचतं. नाक-तोंड बाहेर ठेवा, वाटल्यास मफलर गुंडाळा. तंबूच्या आतल्या भिंतीवर पहाटे दव जमतं आणि पायाकडचा भाग तिला टेकला की ओला. पायावर विंडचिटर पालथं घालून झोपलं की तेही भागतं. सॅकमध्ये बॅग कचऱ्याच्या जाड काळ्या पिशवीत गुंडाळूनच ठेवा. सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका. आणि दुपारी थांबाल तिथे पंधरा मिनिटं ऊन असेल तर बॅग काढून दगडावर पसरा. चार रात्रींची ओल साठू दिलीत तर पाचव्या रात्री तीच बॅग वेगळी वाटते.

कॅम्पवर पोहोचलात की चहाच्याही आधी बॅग बाहेर काढून झटकून ठेवा, फुगायला अर्धा तास तरी लागतो. झोपताना कोरडे मोजे फक्त रात्रीसाठीच राखलेले घाला. जाड बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून पायाशी ठेवा. रेल्वेत मिळणाऱ्या पातळ बाटलीत नको, ती आकसते आणि गळते. गुळाची चिक्की खा. आणि लघवीला जायचं असेल तर जाऊन या. ‘पहाटेपर्यंत थांबू’ म्हणत रोखून धरलेल्या रात्री मी मोजल्यात, त्यातली एकही झोपेत गेलेली नाही.

घरी आल्यावर बॅग तिच्या छोट्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका. माझी दुसरी बॅग अशीच तीन पावसाळे माळ्यावर राहिली. उघडली तेव्हा खांद्याकडचे दोन कप्पे कायमचे बसलेले होते, आणि कोपऱ्यात बुरशीचे ठिपके. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात नाहीतर मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा, कपाटात वरच्या बाजूला. दसऱ्याच्या सुमारास एक दिवस सावलीत, वाऱ्यावर टाका. धुवायची वेळ वारंवार आणू नका. आतून पातळ लायनर, म्हणजे कापडी खोळ, वापरलात की मळतो तो लायनर. धुवायचीच झाली तर साध्या पावडरीत नाही. ती लवेवरचं नैसर्गिक तेल काढते. डाऊनचा वेगळा साबण मिळतो. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये हळू फिरवा, आणि मग अगदी मंद आचेच्या ड्रायरमध्ये दोन-तीन टेनिस बॉल घालून तासन्‌तास वाळवा. बॉल आतल्या गोळ्या फोडतात. ओली बॅग दोरीवर टाकलीत तर स्वतःच्या वजनाने आतल्या जाळ्या फाटतात, म्हणून उचलतानाही दोन्ही हातांवर, बाळासारखी उचला.

सासूबाईंना खरं तेच सांगा. ही लव बहुतेक वेळा मांसासाठी पाळलेल्या बदकांची असते. जिवंत पक्ष्यांची पिसं उपटण्याचे प्रकारही झालेले आहेत. त्यासाठी २०१४ पासून ‘रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड’ नावाचा शिक्का आला, तो असलेलीच बॅग घ्या. एवढं सांगूनही त्यांना पटलं नाही, किंवा तुम्हालाच अवघड वाटलं, तर उणे पाचची सिंथेटिक बॅग आजही मिळते. सातशे-आठशे ग्रॅम जास्त भरेल आणि सॅकमध्ये जागा जास्त खाईल, इतकंच. पाणी लागलं तरी चालेल, हे त्यात फुकट.

आणि तुमच्या चौघींपैकी जिला सगळ्यात कमी थंडी वाजते, तिला तंबूच्या दाराशी झोपवा.